वेग रस्त्यावरच लिहा, साहेब

प्रति,
महाराष्ट्रातल्या रस्त्यांची आखणी, बांधणी आणि देखभाल करणारे सर्व अभियंते व अधिकारी
(सार्वजनिक बांधकाम, रस्ते विकास महामंडळ, राष्ट्रीय महामार्ग, जिल्हा परिषदा, नगरपालिका)

विषय: वेगमर्यादा फक्त पाटीवर न ठेवता रस्त्याच्या रंगातून आणि पट्ट्यांतून दाखवण्याबाबत.

महोदय, महोदया, सविनय नमस्कार.

मी एसटीचा निवृत्त चालक आहे. 31 वर्षं गाडी चालवली, त्यातली बरीचशी कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावर. मलकापूर, आंबा, मग घाट उतरून साखरपा, नाणीज, पाली, हातखंबा. मी अभियंता नाही. पण तुम्ही जो रस्ता नकाशावर काढता, तो मी पायाच्या तळव्यानं वाचलेला आहे. त्या वाचनातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे, ती सांगण्यासाठी हे पत्र.

वेगमर्यादा आपण पाटीवर लिहितो, पण गाडी चालवणारा आपला वेग पाटीवरून ठरवत नाही, रस्त्यावरून ठरवतो. रस्ता रुंद, सरळ आणि गुळगुळीत असला की पाय खाली जातो. रस्ता आखडला, कडेला घरं लागली, चाकाखालचा आवाज बदलला की पाय आपसूक वर येतो. पाटी एका जागी उभी असते आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत मागे पडते. रस्ता मात्र सतत समोर असतो. म्हणून जे सांगायचं ते रस्त्याच्या अंगावरच लिहा, रंगानं आणि पट्ट्यांनी, आणि राज्यभर एकाच पद्धतीनं लिहा, एवढीच माझी विनंती आहे.

हे मला एका सकाळी कळलं. रस्त्याचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, कारण तसं गाव प्रत्येक तालुक्यात आहे. त्या दिवशी मला बदली ड्युटी लागली होती, मार्ग नेहमीचा नव्हता. डिसेंबर महिना, सकाळचे साडेसहा, धुकं नुकतं उठत होतं. पंधरा किलोमीटर रस्ता एकसारखा होता: नवं डांबर, मधोमध तुटक पांढरा पट्टा, दोन्ही बाजूंनी ऊस. गाडी साठच्या पुढे होती. उसाची भिंत जिथे संपली तिथेच गाव सुरू झालं. डावीकडून एक पोरगा दुधाची किटली घेऊन धावत रस्त्यावर आला. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. गाडी थांबली. पोरगा भीतीनंच पडला, कोपर सोलपटलं, दूध सगळं डांबरावर गेलं. आत प्रवाशांची डोकी पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटली, कंडक्टरचा ओठ फुटला. गाव गोळा झालं. माझ्यावर हात पडला नाही, कारण तोवर पोरगा उठून उभा राहिला होता. एक म्हातारे गृहस्थ एवढंच म्हणाले, "चाळीसची पाटी हाय की मागं, दिसली न्हाई व्हय?"

मी मागे चालत गेलो. पाटी होती. तिच्यापुढे कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला होता.

त्या फ्लेक्सचा राग आला, पण रात्री वेगळाच विचार डोक्यात फिरत राहिला. समजा फ्लेक्स नसता, तरी काय? साठच्या वेगानं गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. समोरून ट्रॅक्टर येत असताना, आरशात मागचा दुचाकीवाला दिसत असताना, त्या एका पाटीला माझ्या नजरेतला किती वेळ मिळाला असता? आणि पाटी वाचली असती तरी पुढचा रस्ता मला काय सांगत होता? तेच डांबर, तीच रुंदी, तोच तुटक पट्टा. पाटी चाळीस म्हणत होती आणि रस्ता ऐंशी म्हणत होता. दोघांचं पटत नसेल तर चालक रस्त्याचंच ऐकतो. मी 31 वर्षांत याला अपवाद क्वचितच पाहिला.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या तुमच्याच इंडियन रोड्स काँग्रेसचं कोष्टक सांगतं की ताशी 60 किलोमीटर वेगाला समोर 80 मीटर मोकळी दृष्टी हवी, म्हणजे दिसल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर. 40 च्या वेगाला तेच 45 मीटर. फरक 35 मीटरचा. तीन एसटी एकामागे एक उभ्या केल्या की तेवढी लांबी होते. त्या पोराचं नशीब त्या तीन गाड्यांच्या अंतरात होतं.

2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यातली 15 हजारांहून अधिक आपल्या राज्यातली. सरकारी तक्त्यात दहातल्या सात मृत्यूंपुढे कारण लिहिलं जातं 'अतिवेग'. यात मुद्दाम गाडी उडवणारे आहेतच, त्यांच्यासाठी पोलीस आणि कॅमेरे हवेत. पण या आकड्यात माझ्यासारखेही असणार, रस्त्यानं एक सांगितलं आणि पाटीनं दुसरं, असे. त्यांना दंड करून रस्ता सुधारत नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं कलम 198-अ आलं आहे. रस्त्याची रचना आणि देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही तर त्यासाठी जबाबदार यंत्रणा, सल्लागार आणि कंत्राटदार यांनाही एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे रस्ता चुकीचं बोलला तर दोष फक्त चालकाचा नाही, हे कायद्यानंही मानलं आहे.

रंगानं बोलणं आपल्या रस्त्यांना नवीन नाही. मैलाचे दगड बघा. पिवळ्या डोक्याचा दगड म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या डोक्याचा म्हणजे राज्यमार्ग, काळा दिसला की शहर-जिल्ह्याचा रस्ता, नारिंगी म्हणजे ग्रामसडक योजनेतला. नवीन चालक आला की आम्ही हे त्याला पहिल्या आठवड्यात शिकवायचो. दगडाचा रंग बदलला की पुढे रस्ता कसा असणार याचा अंदाज यायचा. पण तो दगड सांगतो रस्ता कुणाचा आहे. त्यावर किती वेगानं जायचं हे त्याला माहीत नाही. कोकणातल्या वळणावळणाच्या रस्त्यावरही हिरवा दगड असतो आणि पंढरपूरकडच्या सरळ सपाट रस्त्यावरही.

याचं मूळ जुनं आहे. देशातल्या रस्त्यांचा एकत्र विचार करणारी पहिली समिती 1927 साली नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष होते आपले मुकुंदराव जयकर. तिच्या शिफारशींतूनच पुढे 1934 साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. मग 1943 साली देशभरातले मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा मार्ग, गावरस्ते ही उतरंड नागपूरच्या त्या बैठकीतली. तेव्हा प्रश्न होता, कोणता रस्ता कुणी बांधायचा आणि कशाला कशाशी जोडायचं. त्या प्रश्नाचं उत्तर नागपूरनं उत्तम दिलं, आजही आपण त्यावरच चालतो. पण ती प्रतवारी बांधणाऱ्यासाठी होती. चालवणाऱ्यासाठी प्रतवारी आपल्याकडे अजून कुणी केलेली नाही, आणि ती पुन्हा महाराष्ट्रातूनच सुरू व्हावी असं मला मनापासून वाटतं.

अशी प्रतवारी डोळ्यांनी पाहायला मिळाली ती नेदरलँड्समध्ये. माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त आइंडहोवेनला असतात. निवृत्तीनंतर मी दोन महिने तिथे राहून आलो. माणूस निवृत्त झाला तरी नजर निवृत्त होत नाही. जावई गाडी चालवत असायचा आणि मी काचेतून रस्ता बघत बसायचो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लक्षात आलं की इथले पट्टे ठिकठिकाणी वेगळे आहेत आणि ते वेगळेपण उगाच नाही.

गावाबाहेरच्या काही रस्त्यांवर मधोमध दोन पांढरे पट्टे आणि त्या दोघांच्या मधे हिरवी पट्टी. तिथे 100. दुसऱ्या रस्त्यांवर मधे दोन पट्टे आहेत पण हिरवा रंग नाही. तिथे 80. शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर मधला पट्टाच नाही, फक्त कडेनं तुटक पट्टे. तिथे 60, आणि ट्रॅक्टर, सायकल, घोडा सगळे त्याच रस्त्यावर. गावाच्या नावाची निळी पाटी लागली की वेगळं काही लिहिलेलं नसतानाही मर्यादा 50 होते. घरांच्या गल्ल्यांत 30, आणि तिथे बहुतेक ठिकाणी डांबर नाहीच, विटा बसवलेल्या असतात. चाक विटांवर आलं की गाडीत खरखर सुरू होते आणि हळू जावंसंच वाटतं. सायकलींचा मार्ग लाल डांबराचा. काही गल्ल्या तर सगळ्याच लाल, आणि पाटीवर लिहिलेलं असतं की मोटार इथे पाहुणी आहे. ॲमस्टरडॅम शहरानं डिसेंबर 2023 पासून आपल्या बहुतेक रस्त्यांवर 30 ची मर्यादा आणली.

जावयाला विचारलं, हिरव्या पट्टीचा अर्थ काय? तो म्हणाला, बाबा, नेमकं नाही सांगता येणार. पण हिरवी पट्टी संपून साधे दोन पट्टे सुरू झाले की त्याचा पाय वर यायचा. मी त्याच्याकडे न बघता स्पीडोमीटरकडे बघायचो. अर्थ त्याच्या पायाला कळला होता. मला त्या देशाचं सगळ्यात मोठं कौतुक या गोष्टीचं वाटतं. 1990 च्या दशकात त्यांनी ठरवलं की माणूस चुकणारच, तेव्हा रस्ता असा करायचा की बघूनच कळावं कसं वागायचं. मग रस्त्यांचे मोजके प्रकार ठरवले आणि प्रत्येक प्रकाराला एक चेहरा दिला. रस्ता प्रांताचा असो की नगरपालिकेचा, चेहरा तोच.

हेच आपल्याकडे नाही. एकाच प्रवासात मी राष्ट्रीय महामार्गावरून राज्यमार्गावर, तिथून जिल्हा परिषदेच्या रस्त्यावर आणि मग नगरपालिकेच्या हद्दीत जातो. प्रत्येक हद्दीत पट्ट्यांची तऱ्हा वेगळी. एका ठिकाणी गावाच्या तोंडाशी सहा पांढऱ्या आडव्या पट्ट्या, दुसरीकडे पिवळ्या, तिसरीकडे काहीच नाही, चौथीकडे लाल-पांढरे चौकोन. चालकाला हद्दी दिसत नाहीत, त्याला एकच रस्ता दिसतो. पट्ट्यांची संहिता देशाला आहे, इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी-35, तिची 2015 ची सुधारित आवृत्तीही आहे. पण पट्टा कसा काढायचा हे सांगणं वेगळं आणि अमुक वेगाच्या रस्त्याला अमुकच चेहरा, हे ठरवणं वेगळं.

आपल्या देशातही कुणी काहीच केलेलं नाही, असं नाही. भोपाळ-जबलपूर महामार्ग वीरांगना दुर्गावती व्याघ्र प्रकल्पातून जातो. 2025 मध्ये तिथे महामार्ग प्राधिकरणानं घाटातल्या सुमारे 2 किलोमीटर रस्त्यावर लाल थर्मोप्लास्टिकचा 5 मिलिमीटर जाडीचा थर दिला. लाल दिसतं म्हणून डोळा सावध होतो आणि चाकाखाली थोडं थरथरतं म्हणून पाय. गतिरोधकाचा दणका मात्र बसत नाही. प्राण्यांना ये-जा करायला रस्त्याखालून 25 भुयारी मार्गही केले. ती बातमी वाचून मला फार आनंद झाला. वाघासाठी जे झालं ते शाळेच्या पोरांसाठीही होऊ शकतं.

गतिरोधकांबद्दल मला इथे थोडं जास्त लिहायचं आहे, कारण आपल्याकडे वेग कमी करायचा म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही. गावात अपघात होतो, रास्ता रोको होतो, आणि दोन दिवसांत तिथे डांबराचा उंचवटा तयार होतो. मानकात तो 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच, गोलाकार चढ-उताराचा सांगितला आहे. प्रत्यक्षात तो हातभर रुंदीचा आणि वीतभर उंचीचा असतो. त्यावर रंग नसतो, आधी सूचना नसते. मी गरोदर बायकांना मागच्या सीटवरून उठवून पुढे बसवलं आहे, अशा उंचवट्यांच्या भीतीनं. रंबलरचंही तसंच. एका पाठोपाठ जाड पट्ट्यांचे चार-पाच संच, आणि ते चुकवायला दुचाकीवाले साइडपट्टीवर उतरतात, जिथे माणसं चालत असतात. गावकऱ्यांचा दोष नाही. त्यांची पोरं त्या रस्त्यावर असतात आणि त्यांना दुसरं साधन कुणी दिलेलं नाही. त्यांना ते द्या.

नुसत्या रंगाच्या रेषांनी वेग कमी होतो का, असं मला बरेच जण विचारतात. होतो, नीट काढल्या तर. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकापासून वेगवान रस्त्यांवर वर्तुळाकार चौकाच्या आधी पिवळ्या आडव्या पट्ट्या काढतात. चौक जवळ येईल तसं दोन पट्ट्यांमधलं अंतर कमी होत जातं. चालकाला वाटतं आपला वेग वाढतोय, म्हणून तो ब्रेक लावतो. शिकागोमध्ये तळ्याकाठच्या लेक शोअर ड्राइव्हवर एका धोकादायक वळणाआधी 2006 साली तसंच केलं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात शाळेच्या 40 च्या हद्दीत रस्त्याच्या कडांनी आत टोकं केलेले पांढरे त्रिकोण असतात, दातांसारखे. रस्ता आखडल्यासारखा दिसतो. या कशातच उंचवटा नाही, कुणाचं कंबरडं मोडत नाही.

समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, कारला 120 ची मुभा. तो झाला याचं मला समाधान आहे. पण त्यावरून बाहेर पडताना काय होतं, हे कृपया एकदा स्वतः गाडी चालवून बघा. दोन तास 120 नं आलेल्या माणसाला 60 चा वेग रांगल्यासारखा वाटतो. तो इंटरचेंज उतरतो आणि चार-पाच मिनिटांत तालुक्याच्या रस्त्यावर येतो, जिथे बैलगाडी आहे, आठवडी बाजार आहे. काटा बघितला नाही तर त्याला वाटतं आपण चाळीसनं चाललोय आणि गाडी असते सत्तर-ऐंशीवर. ही लबाडी नाही, डोळ्यांना झालेली सवय आहे. अशा प्रत्येक उताराला जवळ-जवळ येत जाणाऱ्या आडव्या रेषा हव्यातच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही कारला मैदानात 100 आणि घाटात 60 आहे. खंडाळ्याच्या उताराला लागताना रस्त्याचा चेहरा बदलला पाहिजे, नुसता आकडा बदलून भागत नाही.

आता आपल्या अडचणींबद्दल, कारण परदेशातलं जसंच्या तसं उचलावं असं माझं म्हणणं मुळीच नाही.

पहिली अडचण मातीची. घाट उतरलं की साखरप्यापासून पुढे माती लाल. पावसाळ्यात कडेचा जांभ्याचा चिखल वाहून रस्त्यावर येतो आणि जूनच्या अखेरीस डांबराच्या कडाही तांबूस दिसायला लागतात. तिथे लाल पट्टा काढला तर तो दिसणार कुणाला? देशावर काळ्या मातीत लाल उठून दिसेल, कोकणात नाही. म्हणून निर्णय रंगाच्या एका नावावर न करता, त्या मातीत, पावसात, त्या उन्हात उठून काय दिसतं ते बघून करावा. आणि हिरवी मधली पट्टी मला आपल्याकडे नको वाटते. हिरव्याचा अर्थ आपल्या दगडांवर आधीच वेगळा आहे. पिवळ्या सलग पट्ट्यालाही अर्थ आहे, तो ओलांडायचा नाही. एका रंगावर दोन अर्थ लादले की दोन्ही पुसले जातात.

दुसरी अडचण सिमेंटच्या रस्त्यांची. नवे रस्ते काँक्रीटचे होत चाललेत. पांढरट काँक्रीटवर पांढरा पट्टा दुपारच्या उन्हात जवळजवळ नाहीसा होतो. पट्ट्याच्या दोन्ही कडांना काळी किनार दिली की तो उठतो. इतकी साधी गोष्ट आहे, पण आपल्याकडे ती फार थोड्या ठिकाणी दिसते.

तिसरी, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती रात्रीची आणि ओल्या रस्त्याची. लाल रंग दिवसा लाल दिसतो. रात्री दिव्यांच्या उजेडात तो काळपट होतो. तेव्हा चमकतो फक्त पट्ट्यात मिसळलेल्या काचेच्या मण्यांचा पांढरा प्रकाश. समोरून अप्पर लावून गाडी आली की मी डोळे डावीकडे वळवून कडेचा पांढरा पट्टा धरायचो. तो पट्टा नसता तर मी हे पत्र लिहायला नसतो. म्हणून रंगाबरोबर रेषेचा आकार आणि रस्त्यावर लिहिलेला आकडा हवाच. शिवाय 2020 पासून सौम्य आणि मध्यम रंगांधत्व असलेल्यांनाही आपल्याकडे परवाना मिळतो, आणि तो मिळायलाच हवा. लाल-हिरवं ज्यांना वेगळं दिसत नाही त्यांनाही रस्ता वाचता आला पाहिजे. आणि गुळगुळीत रंग पावसात तेलासारखा होतो. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर गेलेल्यांत सुमारे 44 टक्के दुचाकीवरचे होते. रंगाच्या थरात खरखरीत खडी नसेल तर तो काढूच नका. वळणावर तर नाहीच. वेग कमी करायला काढलेल्या पट्ट्यावरून घसरून कुणी पडलं, तर लोकांचा या सगळ्यावरचा विश्वास उडेल.

चौथी अडचण डांबरीकरणानंतरच्या काळाची. नवं डांबर पडतं आणि पट्टे मारायला महिना-दोन महिने जातात. त्या काळात रस्ता सगळ्यात गुळगुळीत असतो, म्हणजे वेग सगळ्यात जास्त, आणि खुणा शून्य. रात्री तो नुसता काळा आरसा असतो. डांबर पडलं त्या संध्याकाळपर्यंत निदान तात्पुरते पट्टे मारल्याशिवाय रस्ता खुला करू नये, ही अट निविदेत घाला. त्या कंत्राटाचं देयक पट्ट्यांशिवाय मंजूर होऊ नये.

मला काय हवं आहे ते आता सांगतो. चारच चेहरे ठरवा. दुभाजक असलेला वेगवान रस्ता, कडेला रुंद सलग पट्टा. दोन पदरी राज्यमार्ग, मधे पट्टा आणि कडेला सलग पट्टे. एसटी आणि ट्रॅक्टर समोरासमोर आले की एकाला साइडपट्टीवर उतरावं लागतं असा अरुंद जिल्हा रस्ता, तिथे मधला पट्टा काढूच नका. मधला पट्टा असला की प्रत्येकाला वाटतं ही अर्धी बाजू आपली, आणि तो वेग धरतो. त्याऐवजी कडेनं तुटक पट्टे थोडे आत घेऊन काढा, म्हणजे चालणाऱ्यांना आणि सायकलींना जागा राहील. आणि चौथा चेहरा गावाचा. गावठाण सुरू होतं तिथे रस्त्याच्या पूर्ण रुंदीला रंगीत खरखरीत पट्टा, त्यावर मोठा आकडा, मग शाळा-बाजार-स्टँड असेल तेवढ्या लांबीत तोच रंग ठरावीक अंतरानं पुन्हा, आणि गाव संपलं की तसाच पट्टा उलट दिशेच्या चालकासाठी. तो रंग गावाशिवाय कुठेही वापरायचा नाही. तो दिसला की चालकाला एवढंच कळलं पाहिजे की इथे माणसं पायी आहेत. ट्रकला आणि कारला मर्यादा वेगवेगळी असते, हे मला माहीत आहे. सगळे आकडे पट्ट्यांत मावणार नाहीत. त्यासाठी पाट्या राहू द्या. पट्ट्यांनी फक्त एवढं सांगावं की आता आपण कोणत्या जातीच्या रस्त्यावर आहोत.

सगळीकडे एकदम करा असं म्हणत नाही. एक मार्ग निवडा ज्यावर ऊस आहे, घाट आहे, लाल माती आहे, महामार्ग आहे आणि गावं आहेत. माझं मत विचाराल तर कोल्हापूर-रत्नागिरी. कोल्हापूरकडे काळी माती, खाली कोकणात जांभा, मधे घाट. एका मार्गावर सगळ्या परीक्षा होतील. तिथल्या प्रत्येक हद्दीच्या यंत्रणेला एका टेबलाशी बसवा. रंग लावायच्या आधी तीन-चार गावांच्या तोंडाशी गाड्यांचा वेग मोजा, आणि एक पावसाळा गेल्यावर पुन्हा मोजा. आकडे गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. कमी झाला नसेल तर तेही सांगा.

आणि त्या टेबलाशी एक चालक बसवा. एसटीचा, ट्रकचा, रुग्णवाहिकेचा, ऊसवाल्या ट्रॅक्टरचा, कुणीही. तुम्ही रस्ता वरून बघता, आम्ही समोरून बघतो. मला बोलावलंत तर मी येतो. पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघू. चालकाच्या मागच्या पहिल्या सीटवर तुम्ही बसा, काच पुसून ठेवलेली असेल. कोल्हापूर सोडल्यावर उसाचा पहिला लांब पट्टा लागतो, तिथून पुढे मी काही बोलणार नाही. गाव येईल तेव्हा रस्त्याकडे बघून तुम्हीच मला सांगा, आता किती वेग हवा.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी चालक, कोल्हापूर

प्रत माहितीसाठी: परिवहन आयुक्त कार्यालय, महामार्ग पोलीस, मार्गावरच्या सर्व ग्रामपंचायती